गमबुटांची तोंडं वाटेकडं

बाळासो आवळेच्या मोनानं परदेशात एक गोरी पोरगी तळ्यात बुडवली, आणि आता चर्चची माणसं प्रकरण मिटवून तिला गुपचूप परत धाडणार आहेत, अशी बातमी गेल्या वर्षी बेंदराच्या सणाच्या आसपास आमच्या गल्लीत आली. गल्लीत आली म्हणजे संयोगिता वहिनींच्या पिठाच्या गिरणीत आली. आमच्याकडं दळण आणि बातमी दोन्ही तिथंच पडतात, आणि दोन्ही हवी तेवढी बारीक करून मिळतात. सकाळी मी गव्हाचा डबा ठेवायला गेलो तेव्हा पोरगी नुसती बुडाली होती. संध्याकाळी डबा आणायला गेलो तोवर ती कुठल्याशा बड्या साहेबाची एकुलती एक झाली होती आणि मोनाच्या पासपोर्टवर लाल शिक्का बसला होता.

"वहिनी, शिक्का तुम्ही बघितला?"

"मी कशाला बघू? फोटू हाय की मोबाईलवर! अंगावर घोंगडं, केसातनं पाणी गळतंय, शेजारी पोलिसीण. आता असल्या अवतारात ती काय रंकाळ्यावर भेळ खायला गेलती व्हय?"

फोटो खरा होता. मीही बघितला. मोना एका दगडावर बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि डोळे असे की फोटोतूनही आपल्यालाच धडकी भरावी. शेजारी खरोखरच पिवळ्या जाकिटातली पोलिसीण. खोटं म्हणायला जागाच नव्हती.

पण ज्यांनी मोनाला लहानपणापासून बघितलंय त्यांनी हसायलाच पाहिजे होतं. मोना कुणाला बुडवणार? ती पाण्याजवळ जाईल तर ना! आमच्याकडं पोहायला शिकवण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, विहिरीच्या काठावर उभं करायचं आणि बोलता बोलता ढकलून द्यायचं. मोनाला गडमुडशिंगी गावच्या विहिरीत तिच्या चुलत्यानं असंच ढकललं. डबा सुटला. डबा वर तरंगला, पोरगी खाली गेली. चुलत्यानं केस धरून वर काढलं म्हणून वाचली. तेव्हापासून तिला पाण्याची जी दहशत बसली ती बसलीच. शाळेची सहल राधानगरीच्या धरणावर गेली तर ही एसटीतून उतरली नाही. आंघोळीलासुद्धा डोक्यावर तांब्या ओतताना डोळे उघडे ठेवते, असं तिची आजी आक्काच सांगायची.

भित्री असली तरी तिचा आवाज मात्र भित्रा नव्हता. तो बापाकडून आलेला. बाळासो शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर, ओतकामाचे साचे भरणारा. दिवसभर भट्टीच्या घरघरीत बोलून बोलून घरीसुद्धा मीठ मागायचं तर भांडल्यासारखं मागतो. चर्चमध्ये बाळासोनं प्रार्थना केली की माईक बंद करतात. त्याच्या पोरीनं मे महिन्यात चर्चच्या उन्हाळी शिबिरात पोरांना "बसा खाली!" म्हटलं की रस्त्यावरचे रिक्षावालेही बसायचे. पण पोरांचा तिच्यावर जीव. गोष्ट अशी सांगायची की दाविदाची गोफण आपल्याच कानाजवळून गेली असं वाटावं.

म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी तिचं नाव पुढं केलं. स्कॉटलंडमधल्या एका चर्चच्या मंडळीशी आमच्या इथल्या चर्चची जुनी ओळख. ते उन्हाळ्यात तळ्याकाठी मुलांच्या छावण्या भरवतात आणि मदतीला बाहेरच्या देशातला एखादा तरुण, एखादी तरुणी बोलावतात. त्याला इंटर्न म्हणतात. मुलाखत झाली बाळासोच्या पुढच्या खोलीत, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून. पलीकडं छावणीचा प्रमुख डग्लस, लाल दाढीचा, हसरा. सगळे प्रश्न नीट पार पडले. शेवटी त्यानं विचारलं, पोहता येतं का?

मोनानं उत्तराला तोंड उघडलं. आणि दाराआडून बाळासो गरजला, "येस सर! कोल्हापूर! ऑल स्विमिंग!"

डग्लस खूश झाला. फोन बंद झाल्यावर मोना रडकुंडीला आली. "पप्पा, मला कुठं पोहता येतंय?"

"आगं, ते काय बघाय येणार हायत? मास्तरीण म्हणून चाललीयास का म्हैस म्हणून?"

बापाच्या या एका आरोळीनं पुढं काय केलं ते ऐका.

मोना तिथं पोचली ती आधीच अर्धी भ्यालेली. आणि पहिल्याच दिवशी तिनं ते तळं बघितलं. आपल्याकडं पाणी हिरवं असतं, गढूळ असतं, ते काहीतरी असतं. हे पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस काळं. त्या डोंगरातली मातीच तशी म्हणे. मोनानं काठावर बसून हात बुडवून बघितला तर कोपराच्या खाली स्वतःचीच बोटं दिसेनात. तिनं हात असा ओढून घेतला की जणू खालून कुणी धरला होता. त्यात तिकडं उन्हाळ्यात जेवणं उरकून पोरं झोपायला गेली तरी ऊन असतं. अंधार कधी पडणार याची वाट बघत पडून राहायचं आणि डोंगरावर मेंढ्या माणसासारख्या ओरडायच्या. पहिला आठवडा ती पांघरुणात तोंड घालून आक्काचं नाव घेत झोपली.

वर नियमांची भीती. खोलीत एकट्या मुलासोबत थांबायचं नाही. उगाच उचलायचं नाही, गालगुच्चा घ्यायचा नाही, छातीशी धरायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, मोजायचं. पाण्यावर जाताना मोजायचं, येताना मोजायचं, शंका आली की परत मोजायचं. ही मोजदाद कुणाकडं? कोल्हापूरच्या पोहणारणीकडं!

मोना खरं सांगायला गेली होती. पण डग्लसनं सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "यंदा आपल्याला तळ्यावर भरवशाची बाई मिळाली." आता तोंड उघडावं तर बाप खोटारडा ठरतो, आणि ज्या मंडळीनं हार घालून, फोटो काढून एसटी स्टँडपर्यंत पोचवलं, तिच्यासमोर परत जायचं कसं? मोना रोज धक्क्यावर उभी राहायची, धक्का म्हणजे पाण्यात गेलेली लाकडी फळ्यांची वाट, आणि मधल्या फळीवरनं पाय हलवायची नाही.

तिच्याकडं सहा पोरी होत्या. त्यातली एक नऊ वर्षांची, गुलाबी गमबूट घालणारी, कुणाशी न बोलणारी. नाव आयला. हसू नका, तिकडं ते चांगल्या घरातलं नाव आहे. एकदा मोना घरी व्हिडिओ कॉलवर बोलत असताना ही पोरगी लांब चालली म्हणून मोनानं हाक मारली आणि इकडं आक्का कडाडली, "आगं ए! देवाच्या कामाला गेलीयास आणि तोंडात शिव्या?"

आक्काचं सांगायचं तर ती गडमुडशिंगीच्या चर्चची दारवान. कुणी नेमलेली नाही, स्वतःच झालेली. तिथं अजून सतरंजीवर बसतात आणि चपला दाराबाहेर काढतात. आक्का पायरीवर काठी घेऊन बसते. चपला जोडीनं पाहिजेत, टाचा देवाकडं आणि तोंडं वाटेकडं, म्हणजे उपासना सुटली की पाय घातला आणि चालू लागलं. कुणी वेड्यावाकड्या टाकल्या तर काठीनं सरळ करते आणि वर ऐकवते, "पावणं, देवाच्या दारात आलायसा का बाजारात?"

छावणीत सकाळची प्रार्थना होड्यांच्या शेडमध्ये व्हायची. सगळे बुटांसकट आत. मोनाचे पाय आपोआप दारात थांबले. चपला काढल्या, टाचा आत, तोंडं बाहेर. पोरी हसल्या. आयला हसली नाही. तिनं त्या चपलांकडं बराच वेळ बघितलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, "असं का?"

मोनानं आक्काची गोष्ट सांगितली, काठीसकट. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात गुलाबी गमबूट उभे, जोडीनं, तोंडं वाटेकडं. मग हळूहळू सहाही जणींचे. डग्लसला मोठी गंमत वाटली. मोनालाही बरं वाटलं. त्या सगळ्या परक्या मुलखात तिच्या घरची एवढी एकच गोष्ट कुणीतरी उचलली होती.

आणि तीच अंगावर आली.

दुपार होती. वारा पडलेला, पाणी आरशासारखं, आणि म्हणूनच जास्त काळं. पोरी होड्यांतून फिरून आल्या, धक्क्यावर उतरल्या, तरंगायची जाकिटं काढली. एकीच्या जाकिटाचा पट्टा अडकला म्हणून मोना खाली वाकली. पट्टा सोडवला, मान वर केली आणि सवयीनं मोजलं. पाच.

परत मोजलं. पाच. तिचं इंग्रजी चुकत असेल असं तिला वाटलं म्हणून मराठीत मोजलं. मराठीतही पाचच.

तेवढ्यात एका पोरीनं बोट दाखवलं. धक्क्याच्या सुरवातीच्या फळ्यांवर, अगदी कडेला, गुलाबी गमबूट. जोडीनं ठेवलेले. आत पाय नाहीत. आणि हातभर अंतरावर ते पाणी.

मोनाच्या गळ्यात शिट्टी होती. शिट्टी वाजवायची असा नियम होता. तिला शिट्टी आठवलीच नाही. तिच्या तोंडून बाळासो आवळेचा आवाज निघाला. फौंड्रीची भट्टी चालू असताना यार्डातल्या माणसाला ऐकू जावा असला आवाज. "आयलाऽऽ! आयलाऽऽ!" डोंगरावरच्या मेंढ्या पळाल्या. स्वयंपाकघरातली माणसं हातातलं टाकून धावली. मोना धक्क्यावर पुढं जात होती, मागं येत होती, ओरडत होती, मराठीत, इंग्रजीत, "कुटं हाइस गं! ये की! ये की बाहेर!" पाण्यावर एक तरंग उठत नव्हता. तिला विहिरीतलं ते खालून दिसणारं वर्तुळ आठवत होतं, वर उजेड आणि आपण खाली चाललोय ते. ती पोरगी आता तेच बघत असेल.

भोंगा झाला. मुलांना सभागृहात नेलं. पोलिसांना फोन गेला. डग्लसच्या चेहऱ्यावरचं हसू पुसून गेलं होतं. त्याची दाढी तेवढी लाल, बाकी माणूस चुन्यासारखा. त्यानं सगळ्या मोठ्यांना एका रांगेत उभं केलं, हातात हात अडकवून. अशी साखळी करून पाण्यात शिरायचं, आणि एकेक पाऊल टाकताना पायानं तळ चाचपायचा. काय लागतंय ते बघायचं. म्हणजे काय लागू नये याची प्रार्थना करत.

"मोना, तुला पोहता येतं. तू खोलातल्या टोकाला."

आता तरी सांगायचं की नाही? मोना मला म्हणाली, "सांगणार होते हो, पण मगाशी सगळा आवाज ओरडण्यात गेलता. आणि मी मागं राहिले तर दोन पाय कमी पडणार होते."

ती शिरली. गार पाणी असं की गुडघे कापल्यासारखे झाले. मग कंबर. मग छाती. खाली चिखल, पाय ओढून घेणारा. आपले स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि त्याच न दिसणाऱ्या पायांनी एका लेकराला शोधायचं. डग्लस शेजारी, त्याचा दंड तिनं असा धरला होता की नंतर चार दिवस त्याला वळ होते. एक पाऊल. चाचप. एक पाऊल. चाचप. पाणी हनुवटीला लागलं. आणि तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं. लांब, मोकळं, बोटांत गुंतणारं. केसांसारखं.

 ती खाली बघेना, वर बघेना. डग्लसनं वाकून हात घातला आणि उपसून काढलं. शेवाळ. हिरवं, लांब पाणशेवाळ.

तेव्हा मोना म्हणाली, "मला पोहता येत नाही."

डग्लसनं तिच्याकडं बघितलं. रागावला नाही. तिची कॉलर धरून तिला आपल्या दुसऱ्या बाजूला, काठाकडं ओढलं आणि स्वतः खोलात सरकला. साखळी पुढं चालली. मोना थरथरत, दात वाजवत, धक्क्याच्या कडेकडेनं. पाण्यात छातीपर्यंत उभ्या माणसाच्या डोळ्यांना धक्क्याच्या फळ्या समोरासमोर येतात. तशाच त्या आल्या, आणि फळ्यांवरचे गुलाबी गमबूट थेट तिच्या नाकासमोर आले.

मगाशी तिनं बूट वरून बघितले होते. पाण्याशेजारी रिकामे बूट, एवढंच दिसलं होतं, जसं सगळ्यांना दिसलं. आता तिला त्यांची तोंडं दिसली. वाटेकडं होती. ज्याला पाण्यात उडी घ्यायचीय ते लेकरू बूट भिरकावून देतं. हे नीट लावलेले होते. आणि आक्काच्या नियमानं देवाकडं असायच्या त्या टाचा? टाचा पाण्याकडं नव्हत्या. तिरक्या होत्या, उजवीकडं, काठावरच्या लव्हाळ्याकडं. तिथं एक जुनी फुटकी होडी उलटी करून टाकलेली होती, कुणी तिकडं जायचं नाही.

मोना धक्क्यावर चढली, गुडघ्यांवर. या वेळी ओरडली नाही. ओरडायला भीत होती. आपण चुकलो असलो तर, ही शेवटची आशा गेली तर, म्हणून आवाज काढला नाही. चिखलातून चालत होडीपाशी गेली आणि खाली वाकली.

दोन छोटे तळपाय. चिखलानं भरलेले. हलत नव्हते.

मोना सांगते की तळ्यात वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या दोन तळपायांची वाटली. तिनं बोट लांब केलं आणि टेकवलं. पाय झटक्यात आत गेले.

"आयला?" अगदी हळू.

आतून बारीक आवाज आला, "तू मला मारणार?"

"मी? का मारेन?"

"तू माझं नाव तसं घेत होतीस."

मोना पट्टा सोडवत होती तेवढ्यात पोरगी गुपचूप तिथं प्रार्थनेला येऊन बसली होती. लोकांसमोर तिला जमायचं नाही, म्हणून उलट्या होडीचं देऊळ केलं होतं. आणि देवापुढं जायचं म्हणून बूट बाहेर काढले होते. चिखलात कसे ठेवायचे, म्हणून कोरड्या फळीवर. घरी तिचा म्हातारा कुत्रा आजारी होता, त्याच्यासाठी मागणं होतं. तेवढ्यात बाहेर एक बाई तिच्या नावानं आकाश फाडायला लागली. मग भोंगा, मग माणसं धावताना दिसली. लेकरू आणखी आत सरकलं. मोना जेवढी भ्याली तेवढी ओरडली, आणि जेवढी ओरडली तेवढी पोरगी भिऊन गप्प राहिली. शिरोलीच्या भट्टीचा आवाज त्या लेकरानं कधी ऐकलाच नव्हता. आमच्याकडं तो प्रेमानं जेवायला बोलावतानाही तसाच असतो, हे तिला कुणी सांगायचं?

मोनानं छावणीचा नियम मोडला. चिखलात बसून पोरीला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडली. पोरीनं विचारलं, "आता माझे बूट घालू का?"

पोलिसीण पोचली तेव्हा करण्यासारखं एवढंच होतं की ओल्या मोनाच्या अंगावर घोंगडं टाकायचं. फोटो स्वयंपाकघरातल्या बाईनं काढला आणि त्यांच्या चर्चच्या पानावर टाकला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, सगळे सुखरूप, देवाचे आभार. फिरत फिरत तो आमच्या गिरणीत आला, आणि वहिनींनी पुढं पाठवताना खालचं लिहिणं कापलं. वहिनी, का कापलंत? तर म्हणे, "त्ये इंग्लिश कोण वाचतंय?"

डग्लसनं मोनाला परत पाठवलं नाही. पाण्यावरून काढून गोष्टी सांगायला बसवलं. शेडमध्ये एक बदल झाला. बूट काढायचे, पण दाराच्या आत ठेवायचे. मोनाची भीती मात्र गेली नाही. उरलेल्या दिवसांत ती पोरी झोपल्यावर उठून मोजायची, आणि अजूनही रिक्षात पोरं दिसली की तिचे ओठ हलतात.

ती परत आली त्या रविवारी चर्चमध्ये तिची साक्ष होती, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. पाय ठेवायला जागा नव्हती. आमची गिरणी शेवटच्या बाकावर, पदर सावरून बसलेली, कधी नव्हे ती देवाच्या घरात. मोना उभी राहिली. तिकडची हवा सांगितली, बटाटे सांगितले, एक गीत म्हटलं आणि खाली बसली. दुसऱ्यांच्या लेकरांच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत असा तिकडचा नियम, तो तिनं इथंही पाळला. वहिनी बाहेर पडताना माझ्या कानात म्हणाल्या, "बघितलं? दाबलं का न्हाय प्रकरण?"

बाळासोला मी त्या "ऑल स्विमिंग"बद्दल विचारलं, तर तो पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "मी तवा गप बसाय पायजे होतं."

मला मोनानं हे सगळं सांगितलं ते कुणाला बोलायचं नाही या अटीवर. मी बोललो नाही. लिहिलंय.

मोना आवळेनं कुणालाही बुडवलं नाही. पोरगी पाण्यात गेलीच नव्हती, उलट्या होडीखाली अनवाणी बसली होती. बूट बाहेर काढायला तिला मोनानंच शिकवलं होतं. आणि मोनाला पोहता येत नाही.